दिल्लीतला निर्णय आपल्या मीटरपर्यंत कसा पोचतो

डिचोली तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयातल्या बाईंनी विचारलं आहे: "बारावीच्या मुलांना हवामानबदलावर प्रकल्प दिला आहे. २०३०, २०७० ही देशाच्या हवामान-लक्ष्यांची सालं मुलांना तोंडपाठ झाली आहेत. पण एका मुलीनं विचारलं, पंतप्रधान ग्लासगोच्या हवामान परिषदेत काही बोलले म्हणून माझ्या घरचं वीजबिल कसं बदलतं? मला उत्तर देता आलं नाही. देशाचं नेतृत्व या कामात नेमकं काय करू शकतं, आणि आपल्याकडे ते झालं का?"

बाई, त्या मुलीला आधी शाबासकी द्या. गेली वीस वर्षं मी फोंड्यात राहून ऊर्जा लेखापरीक्षण करतो. कारखाने, हॉटेलं, इस्पितळं, पाण्याचे पंप यांची वीज मोजायची आणि ती कुठे वाया जाते ते मालकाला दाखवायचं, हे माझं काम. तिचा प्रश्न मलाही रोज पडतो. माझं उत्तर असं: नेत्याच्या वाक्याचं पुढे एखाद्या नियमात, लेबलात किंवा निविदेच्या अटीत रूपांतर झालं का, आणि त्या अटीचं काय झालं हे कुणी मोजलं का, तेवढं पाहावं. बाकीचं भाषण.

तिला म्हापशाच्या बाजारात विजेच्या सामानाच्या दुकानात घेऊन जा. पंख्याच्या खोक्यावर ताऱ्यांचं लेबल आहे. ते आपोआप आलेलं नाही. २००१ साली संसदेनं ऊर्जा संवर्धन कायदा केला, १ मार्च २००२ ला ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सुरू झाला, आणि २००६ मध्ये त्या ब्युरोनं ताऱ्यांची योजना आणली. सुरुवातीला ती ऐच्छिक होती. २०१० पासून फ्रीज, एसी, ट्यूबलाइट अशा काही वस्तूंना लेबल सक्तीचं झालं, आणि छताच्या पंख्याला जानेवारी २०२३ पासून. जुना पंखा पूर्ण वेगात ७० ते ७५ वॅट घेतो, तर नवा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, काटकसरी) मोटरचा साधारण ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. गोव्यात मार्च ते जून पंखा दिवसरात्र चालतो. घरात चार पंखे असतील तर फरक किती पडतो, याचं गणित मुलांना वर्गातच करू द्या.

या लेबलातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तारे टिकत नाहीत. जुलै २०२२ मध्ये एसीचे निकष एक पायरी कडक झाले आणि आदल्या महिन्यापर्यंत पाच तारे मिरवणारी कितीतरी मॉडेलं चारवर आली. जपाननं हेच १९९९ च्या सुमाराला अधिक धीटपणे केलं. बाजारात आज जे सर्वांत काटकसरी यंत्र आहे, तेच काही वर्षांनी सगळ्यांसाठी किमान मानायचं. असा नियम असला की कारखानदाराला स्वस्थ बसता येत नाही, आणि गिऱ्हाइकाला काही शिकवावंही लागत नाही. उपदेश करून एका घरातला एक पंखा बदलेल. नियमानं दुकानातले सगळेच पंखे बदलतात.

एलईडी दिव्याची कथा तर मी मुलांना सविस्तर सांगेन. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका एलईडी दिव्याला ३१० रुपये पडत होते. तेव्हा मी ज्या छोट्या हॉटेलांना एलईडी सुचवायचो, ते मालक माझ्याकडे बघून मान हलवायचे, आणि त्यांचं चूक नव्हतं. मग सरकारी वीज कंपन्यांनी मिळून काढलेल्या ईईएसएल या कंपनीनं देशभरची मागणी एकत्र केली आणि कोट्यवधी दिव्यांच्या निविदा काढल्या. ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली. २०१६ पर्यंत खरेदीची किंमत ३८ रुपयांवर उतरली होती. ३६ कोटींहून जास्त दिवे वाटले गेले, आणि दिव्यांवर सरकारी तिजोरीतून सबसिडी द्यावी लागली नाही. कंपनी पैसे आधी घालायची आणि ते गिऱ्हाइकाच्या वाचलेल्या बिलातून वसूल व्हायचे. पुढे खासगी बाजारातल्या दिव्यांचे भावही खाली आले. ६० वॅटच्या पिवळ्या बल्बाच्या जागी ९ वॅटचा दिवा आला, आणि सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावरच्या आजीला हवामानबदल हा शब्दही माहीत नसताना तिच्या घरातली वीज वाचली. देश म्हणून एकत्र खरेदी करणं हे कुणा एका माणसाला, पंचायतीला, अगदी एका राज्यालाही जमलं नसतं. राष्ट्रीय नेतृत्व काय करू शकतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

आता सालं बघा. कायदा वाजपेयींच्या काळात झाला. हवामानबदलावरचा आठ अभियानांचा राष्ट्रीय कृती आराखडा ३० जून २००८ ला मनमोहनसिंगांनी जाहीर केला आणि त्यातल्या एका अभियानातून मोठ्या कारखान्यांना ऊर्जा बचतीचं लक्ष्य नेमून देणारी 'पॅट' योजना २०१२ मध्ये आली. उजाला मोदींच्या काळातली. तीन पंतप्रधान, दोन वेगळ्या आघाड्या, आणि धागा तुटला नाही. हे काम दिसायला इतकं साधं आहे की त्याचं कौतुक कुणी करत नाही, म्हणून मी मुद्दाम करतो.

धागा तुटला की काय होतं ते अमेरिकेत दिसलं. १९७९ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छतावर पाणी तापवणारे सौर पॅनेल बसवले. रेगन यांच्या कारकिर्दीत, १९८६ साली ते उतरवले गेले. पण त्याच रेगन यांनी १९८७ मध्ये घरगुती उपकरणांच्या किमान कार्यक्षमतेच्या कायद्यावर सही केली, आणि त्या कायद्यानं फ्रीजपासून गीझरपर्यंत सगळं बदलत गेलं. पॅनेल उतरवायला एक शिडी पुरते. कायदा उतरवायला संसद लागते.

म्हणून नेत्यानं स्वतः काही करून दाखवू नये असं माझं म्हणणं नाही. १९६५ साली धान्याची टंचाई होती तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातलं एक जेवण सोडायला सांगितलं, आणि आधी स्वतःच्या घरात ते करून पाहिलं, असं सांगतात. आमच्या घरी वडील सोमवारची रात्र त्यानंतर कितीतरी वर्षं पाळत होते. जपानचे पंतप्रधान कोइझुमी २००५ च्या उन्हाळ्यात टाय-कोट काढून कचेरीत बसले, कारण सरकारी कचेऱ्यांत एसी २८ अंशांवर ठेवायचं ठरलं होतं. वरचा माणूस शर्टावर बसला की खालच्याला कोट काढायची मुभा मिळते. आपल्याकडे आजही कित्येक सरकारी दालनांत १८ अंशांवर एसी आणि अंगावर स्वेटर असं मी पाहतो. तिथे बसणाऱ्या अधिकाऱ्यानं ऊर्जा बचतीवर कितीही चांगलं भाषण केलं तरी दाराबाहेरचा शिपाई ते मनावर घेणार नाही.

एसीच्या बाबतीत केंद्रानं एक शहाणपणाचं काम केलं आहे. १ जानेवारी २०२० पासून विकला जाणारा खोलीचा एसी चालू केला की आपोआप २४ अंशांवर सुरू व्हावा, असा नियम आहे. तुम्हाला कमी हवं असेल तर बटण दाबा, बंदी नाही. एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ब्युरो सांगतो. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी एसी २० ते २८ अंशांच्या मर्यादेतच चालावा, असा नियम आणण्याचं सूतोवाच केलं. माझं मत विचाराल तर आधी सरकारी इमारतींत तो दोन उन्हाळे पाळावा, आकडे लोकांपुढे ठेवावेत, मग घरांकडे वळावं.

इथे गोव्यापुरतं एक सांगतो, कारण दिल्लीत बसून ते दिसत नाही. आपल्याकडे गरमीपेक्षा दमटपणा जास्त छळतो. एसीच्या कामाचा बराच भाग हवेतलं पाणी काढण्यात जातो, त्यामुळे २६ अंशांवर एसी आणि सोबत मंद पंखा हे कोरड्या १८ अंशांपेक्षा अंगाला बरं वाटतं. दुसरं, खारा वारा. एसीच्या ताऱ्यांचं गणित वर्षाला १६०० तासांच्या वापरावर आणि २४ ते ४३ अंशांच्या तापमानावर बांधलेलं आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात एसी त्याहून कितीतरी जास्त तास चालतो, ४३ अंश कधीच बघत नाही, पण मीठ मात्र रोज खातो. उत्तर गोव्यात समुद्राला लागून असलेल्या एका हॉटेलात मी बाहेरच्या युनिटांची ॲल्युमिनियमची पाती बोटानं चुरगाळून पाहिली आहेत. चार वर्षांचे पाच-तारांकित एसी, आणि वीज खात होते एकही तारा नसलेल्या एसीसारखी. राष्ट्रीय लेबल हवंच. पण किनारपट्टीसाठी गंजरोधक लेपाची अट आणि दर पावसाळ्यानंतर गोड्या पाण्यानं धुण्याची शिस्त ही राज्यानं जोडायला हवी. केंद्राच्या मार्च २०१९ च्या शीतन कृती आराखड्यात २०३७-३८ पर्यंत थंडाव्यासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्क्यांनी कमी करायचं लक्ष्य आहे. ते असल्या बारीक गोष्टींतूनच गाठलं जाईल.

आता कमतरता. त्याही मुलांना तितक्याच सरळ सांगा.

आपल्या घरातली वीज गोव्यात तयार होत नाही. बरीचशी छत्तीसगडातल्या कोरबा, मध्य प्रदेशातल्या विंध्याचल अशा कोळशाच्या केंद्रांतून तारांवरून येते. ती आणणाऱ्या नव्या वाहिनीसाठी मोलेच्या अभयारण्यातली झाडं तोडायची की नाही यावर आपण किती भांडलो ते मुलांनी पाहिलं आहे. देशाच्या ग्रिडवर सरासरी एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जून २०२५ अखेर देशाच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-वायू सोडून इतर स्रोतांचा झाला, ठरलेल्या २०३० च्या पाच वर्षं आधी. ही मोठी कमाई आहे. पण स्थापित क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. सूर्य संध्याकाळी मावळतो, आणि आपल्या घराघरांतली मागणी तेव्हाच चढते. प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. भाषणात पहिला आकडा येतो, दुसरा येत नाही. दोन्ही सांगणारा नेता मला जास्त विश्वासाचा वाटेल.

पॅट योजनेचंही तसंच. पहिल्या फेरीत, २०१२ ते २०१५, देशातल्या ४७८ कारखान्यांना लक्ष्य दिलं होतं. लक्ष्य सुमारे ६७ लाख टन तेलाइतक्या ऊर्जेच्या बचतीचं, झाली ८७ लाख टनांची. ऐकायला फार छान. पण लक्ष्यापेक्षा तीस टक्के जास्त सहज जमलं, तर लक्ष्य मवाळ होतं असाही त्याचा अर्थ निघतो. जास्तीची बचत करणाऱ्यांना मिळालेली, आणि लक्ष्य चुकलेल्यांनी विकत घ्यायची प्रमाणपत्रं गरजेपेक्षा फार झाली, घेणारे कमी, भाव पडले. जीव तोडून बचत करणाऱ्याच्या हाती कागद राहिला. आता २०२३ मध्ये अधिसूचित झालेली कार्बन क्रेडिट व्यापार योजना त्याची जागा घेते आहे. तिथे लक्ष्यं कडक ठेवली नाहीत तर तेच होईल, आणि यावर मी जाहीरपणे बोलत राहणार आहे.

सगळ्यात मोठी गळती मात्र मला सरकारी खरेदीत दिसते. मी एका सरकारी इमारतीचा अहवाल दिला होता, नाव घेत नाही. पंप, एसी, दिवे, सगळ्यांचं मोजमाप करून. दोन वर्षांनी तिथेच दुसऱ्या कामासाठी गेलो तर अहवाल कपाटात, आणि नवे पंप बसवलेले. किमतीला सर्वांत स्वस्त, वीज खायला आधीच्यासारखेच. विचारलं तर उत्तर, "सर्वांत कमी दराची निविदा घ्यावी लागते." त्या अभियंत्याला दोष देऊन काय होणार? नियमच त्याला तसं करायला लावतो. महाग पण काटकसरी पंप घेतला तर लेखापरीक्षणात त्याच्यावर शेरा येईल. स्वस्त पंपानं दहा वर्षं वीज उधळली तर कुणी विचारणार नाही.

हिशेब मांडून दाखवतो. १० अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर ताशी साडेआठ युनिटच्या आसपास घेते. दिवसाला १२ तास, वर्षाला ३०० दिवस चालली तर झाली ३० हजार युनिट. सहा रुपये दर धरा, १ लाख ८० हजार रुपये. मोटरची किंमत तीस-चाळीस हजार. म्हणजे पहिल्याच वर्षी ती आपल्या किमतीच्या चार ते सहा पट वीज खाते, आणि पुढे पंधरा वर्षं खात राहते. निविदा मात्र फक्त तीस-चाळीस हजारांवर भांडते. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ऊर्जा वाचवणारी तारांकित उपकरणं घेण्याचं कलम आहे. ते कलम खात्याच्या शेवटच्या कारकुनापर्यंत, पालिकेच्या आणि पंचायतीच्या निविदेपर्यंत उतरवणं, आणि मोटर-पंपांसाठी आयुष्यभराच्या खर्चावर तुलना करायला लावणं, हे नेतृत्वाचं काम आहे. त्यात फोटो निघत नाही, म्हणून ते मागे पडतं.

आणखी एक गाठ आहे. सरकारी खात्यानं वीज वाचवली तर वाचलेले पैसे त्याच्याकडे राहत नाहीत, पुढच्या वर्षी त्याची तरतूद मात्र कमी होते. मग कोण वाचवील? आपल्याकडच्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीत, हेच दुखणं मी लहानपणापासून पाहतो. बांधातल्या मानसीचं (पाणी आत-बाहेर करणाऱ्या झडपेचं) दार भरतीला खाडीच्या रेट्यानं मिटतं आणि ओहोटीला आतल्या पाण्यानं उघडतं, शेकडो वर्षांची ही युक्ती. गांवकारीच्या, म्हणजे गावानं मिळून जमीन सांभाळायच्या, काळात बांध राखणं आणि पीक खाणं एकाच माणसांच्या हातात होतं. पुढे कसणारे बदलले, मानसीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होऊ लागली, आणि पावणी घेणाऱ्याला खारं पाणी जास्त आत आलेलं सोयीचं झालं. बांध फुटला तर नुकसान शेतकऱ्याचं. समुद्राची पातळी वाढते आहे तसं हे बांध जास्त महत्त्वाचे होत जाणार. ज्यानं राखायचं त्यालाच फळ मिळालं पाहिजे, खाजनात तसंच वीजबिलात. वाचलेल्या बिलातला निम्मा वाटा पाच वर्षं त्याच शाळेला, त्याच इस्पितळाला ठेवू द्या, एवढा एक आदेश निघाला तर माझे कपाटात पडलेले अर्धे अहवाल बाहेर येतील.

खासगी क्षेत्रात हे लवकर कळतं. साष्टीतल्या एका जेटीजवळच्या बर्फाच्या कारखान्यात पहिल्या दिवशी मालक म्हणाले, "आमकां बर्फ जाय, कागद नाका." (आम्हाला बर्फ हवा, कागद नको.) मी कागद बाजूला ठेवला आणि कंडेन्सरच्या नळ्या उघडून दाखवल्या. विहिरीच्या खाऱ्या-जड पाण्यानं आत पांढरा थर बसला होता, त्यामुळे अमोनिया थंड व्हायला कॉम्प्रेसरला जास्त दाब मारावा लागत होता. नळ्या साफ केल्या, पाण्यावर प्रक्रिया सुरू केली. पुढच्या महिन्याचं बिल त्यांनी मला स्वतः आणून दाखवलं. आता दर तीन महिन्यांनी ते नळ्या उघडतात. त्यांना कुणी अभियान समजावलेलं नाही, बिल त्यांच्याच खिशातून जातं.

चिकाटीचं एक उदाहरण मुलांना जवळचंच द्या. ६ डिसेंबर १९८१ ला भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्यातून, मुरगावहून निघाली. नेते होते डॉ. सय्यद झहूर कासिम, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे माजी संचालक. ९ जानेवारी १९८२ ला ते तिथे उतरले. त्यावर थांबले असते तर एक झेंडा आणि एक टपाल तिकीट राहिलं असतं. पण पुढे मोहिमा जात राहिल्या, आतापर्यंत चाळीसहून जास्त, आणि वास्कोच्या हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. बर्फ, समुद्र, मान्सून यांच्या ज्या नोंदी आज हवामान समजायला उपयोगी पडतात, त्या सातत्यानं जाण्यातून जमल्या. डिचोलीहून वास्को काही लांब नाही. मुलांना एकदा न्या.

प्रकल्पासाठी माझी सूचना अशी. पोस्टर नकोत. शाळेच्या मीटरचं रीडिंग मुलांनी दोन आठवडे रोज संध्याकाळी शाळा बंद होताना आणि सकाळी उघडताना लिहावं. रात्री शाळेत कुणी नसतं, तरी आकडा पुढे सरकतो. किती सरकतो आणि कशामुळे, ते शोधून काढायला लावा. पाण्याचा कूलर, चालू राहिलेला पंप, संगणकाच्या खोलीतला एसी, बाहेरचे दिवे, काहीतरी सापडेलच. त्या युनिटांना ०.७ नं गुणून कार्बन काढा, आणि बिलाच्या दरानं गुणून रुपये. मग शाळेनं गेल्या तीन वर्षांत विजेची जी उपकरणं घेतली त्यांच्या खरेदीचे कागद मुख्याध्यापकांकडून मागून घ्या आणि कुठे तारे पाहिले होते, कुठे नुसती किंमत, ते मुलांना तपासू द्या. ज्या मुलीनं प्रश्न विचारला तिला हे दुसरं काम द्या.

बारा महिन्यांची बिलं काढून ठेवा. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की तारेभोवती अडकवून वीजप्रवाह मोजायचं क्लॅम्प मीटर घेऊन मी एक दिवस शाळेत येतो, पंपापासून सुरुवात करू.